एमसीबी का पडते?

गेल्या वर्षी मामांनी गोंदियाहून सालेकसाला आमच्या घरी जुना मायक्रोवेव्ह ओव्हन आणून दिला. आईने दूध ठेवले, बटण दाबले आणि माजघरात अंधार! बोर्डावरील एमसीबी पडली होती.

शेजारचे काका म्हणाले, "६ ची काढा, ३२ ची बसवा." बाबांनाही पटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस ना, सांग." घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, पण कला शाखेचा! आयटीआयमधील मित्राला बोलाविले.

त्याने ओव्हनच्या मागचा आकडा दाखविला : १२०० वॅट. २३० व्होल्टने भागले की सव्वापाच अँपिअर. त्याच लाइनवर दिवे, पंखे, टीव्ही. शिवाय ओव्हन सुरू होताना त्यातील ट्रान्सफॉर्मर क्षणभर कितीतरी अधिक प्रवाह ओढतो. ६ अँपिअरची एमसीबी पडणारच. तिचे काम वायर तापू न देणे. तिथे ३२ ची बसविली, तर एमसीबी पडणार नाही. बारीक वायर मात्र जळेल. आमचे छप्पर लाकडी फाट्यांचे!

ओव्हन १६ अँपिअरच्या वेगळ्या, जाड वायरच्या लाइनवर लावला आणि दूध तापले. तिथेही एमसीबी पडती, तर दोष ओव्हनचा. दार उघडताना वा लावताना पडल्यास संशय दाराच्या स्विचांवर. पण झाकण स्वतः खोलू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी, सुमारे २००० व्होल्टची वीज साठलेली असू शकते.

काका अजून विचारतात, "३२ ची का नाही?"