घर, अंगण आणि पाळीव प्राणी (लेखांक 9) : सफाईवाले येण्याआधीचा आठवडा

नागपुरात प्लॉटवर बांधलेल्या घराभोवती थोडीफार मोकळी जागा असतेच. समोर फाटक आणि तुळशीवृंदावन, बाजूच्या खिडकीला कूलर, मागे सांदवाडी. घरी कुत्रा असला की तो यातली एक जागा झोपायला, एक शौचाला आणि एक माती उकरायला ठरवून घेतो. असे आवार बाहेरची माणसे बोलावून धुऊन आणि फवारून घेता येते. पण ती माणसे थांबतात तीन-चार तास. तेवढ्या वेळात आवार स्वच्छ होणार की नुसते ओले होणार, हे घरच्यांनी आधीच्या आठवड्यात काय केले यावर ठरते.

पहिला प्रश्न दिवस निवडण्याचा. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाच्या सरी पडल्या की पायाला चिकटू लागते. चिखलात मिसळलेली विष्ठा कोणत्याही यंत्राने वेगळी निघत नाही. म्हणून मोठी सफाई पावसाआधी, मे महिन्याच्या अखेरीस करावी, किंवा पाऊस पूर्ण उघडल्यावर दिवाळीच्या आधी. मेमध्ये काम सकाळी नऊच्या आत संपेल अशी वेळ ठरवावी. पारा 45 अंशांच्या आसपास असताना दुपारी फरशी धुणे माणसालाही झेपत नाही, आणि औषधही भिंतीवर मुरण्याआधी वाळून जाते.

विष्ठा उचलण्याचे काम सफाईवाल्यांवर सोडू नये. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंताची, म्हणजे टॉक्सोकाराची अंडी ताज्या विष्ठेत असतात तेव्हा संसर्ग करीत नाहीत. साधारण दोन ते चार आठवडे मातीत राहिल्यावर ती धोकादायक होतात, आणि सावलीच्या ओलसर जागी पुढे काही वर्षे टिकू शकतात. मातीत खेळणाऱ्या लहान मुलांना त्यांचा धोका सर्वांत अधिक. रोजची विष्ठा रोज उचलणाऱ्या घरात ही साखळी सुरूच होत नाही. जिथे ती साचली आहे तिथे हातमोजे घालून खुरप्याने खालच्या बोटभर मातीसह काढावी, घट्ट बांधावी आणि भाजीच्या वाफ्यात किंवा घरच्या खतखड्ड्यात मुळीच टाकू नये. शेणाचे चांगले खत होते म्हणून कुत्र्याच्या विष्ठेचेही होईल, हा समज चुकीचा आहे. घरगुती खतखड्ड्यात ही अंडी मरतील इतकी उष्णता सहसा टिकत नाही. भेगाळलेल्या पट्ट्यावर मुरूम टाकून तो दाबून घेतला, तर पुढच्या खेपेचे काम निम्मे हलके होते.

लघवीच्या जागांबद्दल एक धोका अनेकांना ठाऊक नसतो. कुत्र्याच्या लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. त्यावर थेट ब्लीच ओतले तर डोळे आणि छाती जाळणारा क्लोरामाइन वायू निघतो. ब्लीच आणि दुसरा कोणताही क्लीनर एकत्र करणेही तितकेच वाईट. म्हणून त्या फरशा आदल्या दिवशी भरपूर साध्या पाण्याने धुऊन ठेवाव्यात. आवारात पूर्वी पार्व्होने पिल्लू गेले असेल तर ते सफाईवाल्यांना आवर्जून सांगावे. तो विषाणू नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही आणि कित्येक महिने टिकतो. धुतलेल्या फरशीवर 1 भाग घरगुती ब्लीच व 30 भाग पाणी दहा मिनिटे राहू दिले तर तो मरतो. मातीत मात्र हा उपाय चालत नाही, कारण मातीतल्या सेंद्रिय कचऱ्यातच ब्लीचची ताकद संपते.

सर्वांत चिवट शत्रू गोचीड. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बहुतेक गोचिड्या भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, कुंड्यांखाली आणि जुन्या विटांच्या ढिगात असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते, वर चढते आणि एखाद्या फटीत हजारोंनी अंडी घालते. औषध त्या फटीपर्यंत पोचायचे असेल तर आधी तिच्यापुढचे सामान हलायला हवे. उरलेल्या फरश्या, तुटके पिंप, कूलरच्या जुन्या ताट्या, कुत्र्याचे पोते आणि गादी हे सगळे बाहेर काढावे. पोते आणि गादी टाकून दिलेलीच बरी. ढीग हलवताना हात आधी घालू नये, काठी घालावी. उन्हाळ्यात विंचू अशाच जागी बसतात. भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवायच्या असतील तर फवारणी झाल्यावर बुजवाव्यात. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्यांचे औषधही त्याच दिवसांत पशुवैद्याच्या सल्ल्याने व्हावे. नाहीतर धुतलेल्या अंगणात तोच त्या पुन्हा पेरतो.

कोणते औषध फवारणार हे आधीच विचारून घ्यावे आणि त्याचे नाव लिहून ठेवावे. काही बिघडलेच तर पशुवैद्याला पहिल्यांदा तेच लागते. गोचिडीवर वापरले जाणारे पर्मेथ्रिन कुत्र्याला सहसा सोसते, पण मांजराच्या जिवावर बेतू शकते. फिनॉल असलेली जंतुनाशकेही मांजराचे यकृत नीट पचवू शकत नाही. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना घातक असतात. त्यामुळे डासांसाठी गप्पी मासे सोडलेली टाकी झाकावी आणि पक्ष्यांचे पिंजरे घरात न्यावेत. जुन्या वस्त्यांमध्ये अंगणात विहीर असते. तिच्या कठड्याच्या आसपास फवारणी होऊ देऊ नये. जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचे झाकण प्लॅस्टिकने घट्ट बांधावे.

कूलरकडे वेगळे लक्ष हवे. ओल्या अंगणात लोखंडी कूलरला उतरलेला करंट जीव घेऊ शकतो. सफाईच्या दिवशी कूलरचे नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा, टाकी रिकामी करावी, बाहेरचे दिवे आणि पंपाचे जोडही बंद ठेवावेत.

कुत्र्याला त्या दिवशी आवारात बांधून ठेवू नये. एरवी शांत असलेले जनावरही पाण्याच्या जोरकस फवाऱ्याला आणि अनोळखी माणसांना भिऊन चावते किंवा उघड्या फाटकातून पळते. त्याला आतल्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे ठेवावे आणि रेबीजच्या लसीची नोंद हाताशी असू द्यावी. काम करणाऱ्यांचा विचारही तितकाच महत्त्वाचा. लेप्टोस्पायराचे जंतू कुत्र्याच्या व उंदराच्या लघवीतून ओल्या जमिनीत येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. आलेल्या माणसांकडे गमबूट आणि हातमोजे नसतील, तर ते आणेपर्यंत काम सुरू करू देऊ नये. फवारणी पूर्ण वाळल्यावरच प्राण्यांना आणि मुलांना अंगणात सोडावे. कुत्र्याची भांडी त्याआधी पुन्हा धुऊन घ्यावीत.

एका फवारणीने अंडी मरत नाहीत. उष्ण हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत ती फुटू लागतात आणि नव्या गोचिड्या भिंतीवर दिसू लागतात. म्हणून दुसऱ्या फवारणीची तारीख पहिल्याच दिवशी, सफाईवाले फाटकाबाहेर पडण्याआधी ठरवून घ्यावी.