तीन अक्षरे, सत्तर हजार वर्षे

७६९, १०१८ आणि १६३११. सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वी, बहुधा पूर्व आफ्रिकेत, एक स्त्री राहत होती. तिच्या पेशींमधल्या डीएनएच्या एका चिमुकल्या कड्यात या तीन जागांवरची अक्षरे बदललेली होती. तिचे नाव, तिची भाषा, तिची हाडे यांतले काहीच उरले नाही. हे बदल मात्र उरले. आज आफ्रिकेबाहेर साडेसहाशे कोटींहून जास्त माणसे राहतात. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाची आई, आईची आई, तिची आई अशी साखळी मागे नेत गेलो, तर ती याच स्त्रीपाशी पोहोचते. हा लेख वाचणारे बहुतेक सगळे त्यात आले. शास्त्रज्ञांनी या मातृवंशाला नाव दिले आहे एल-३.

एवढा मोठा इतिहास ज्यावर लिहिला गेला, तो कागद केवढा आहे ते आधी पाहू. पेशीच्या केंद्रकातला डीएनए सुमारे तीन अब्ज अक्षरांचा असतो आणि त्यात आई-वडिलांचा वाटा दर पिढीला नव्याने मिसळतो. केंद्रकाबाहेर, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमध्ये, डीएनएचे एक वेगळे बंद कडे असते. त्यात फक्त १६,५६९ अक्षरे आणि ३७ जनुके. हे कडे उलगडून सरळ केले, तर लांबी मिलिमीटरच्या हजार भागांपैकी साडेपाच-सहा भाग भरेल. केंद्रकातल्या मजकुराच्या तुलनेत हा जवळजवळ दोन लाखावा हिस्सा. पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात आणि बीजांडात तर लाखाच्या वर. वडिलांच्या शुक्राणूतल्या तंतुकणिका गर्भधारणेनंतर नष्ट केल्या जातात. त्यामुळे हे कडे मुलगा-मुलगी दोघांना मिळते ते आईकडून, आणि पुढे जाते ते केवळ मुलीकडून. १९८१ मध्ये केंब्रिजमधल्या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा संपूर्ण वाचले.

दर पिढीला या कड्याची नक्कल होते आणि फार क्वचित एखादे अक्षर चुकते. सरासरी काढली तर साधारण साडेतीन हजार वर्षांत एक अक्षर. पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर सुमारे १४० आयांनी आपापल्या मुलींना एकही अक्षर न बदलता हा मजकूर सोपवावा, तेव्हा कुठे एक बदल. सत्तर हजार वर्षांत होतात असे जेमतेम वीस बदल. एल-३ च्या त्या स्त्रीच्या आणि तुमच्या कड्यात सोळा हजारांहून अधिक अक्षरे जशीच्या तशी आहेत. बदललेली जी विसेक अक्षरे, त्यांच्या क्रमावरून मानवजातीच्या प्रवासाचा नकाशा काढता येतो.

ती स्त्री आणि तुम्ही यांच्यामध्ये आहेत सुमारे २,८०० आया. प्रत्येकीला एक-एक मीटर अंतरावर उभे केले, तर रांग पावणेतीन किलोमीटरची होईल. रमतगमत चाललात तरी पाऊण तासात तिच्यासमोर उभे राहाल. हिमयुग, शेतीचा शोध, सगळी साम्राज्ये आणि सगळ्या लिपी या एवढ्या रांगेत मावल्या आहेत. त्यातली शेती तर शेवटच्या चार-पाचशे आयांच्या काळातली.

आता दुसरा हिशेब. मागे जाताना पूर्वज दर पिढीला दुप्पट होतात. दहा पिढ्यांपूर्वी १,०२४, वीस पिढ्यांपूर्वी दहा लाखांच्या वर. तीस पिढ्या मागे, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळाच्या आसपास गेलो की वंशवृक्षात १०७ कोटी जागा तयार होतात. तेवढी माणसे तेव्हा साऱ्या जगात नव्हती. म्हणजे एकच पूर्वज या वृक्षात असंख्य वेळा येतो आणि आपल्या सगळ्यांच्या वंशवेली एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या १०७ कोटी जागांपैकी तंतुकणिकांचा डीएनए ज्या जागेकडून आला, ती फक्त एक. मातृवंशाची चाचणी करून घेणाऱ्याने हा आकडा विसरू नये. ती चाचणी एका धाग्याबद्दल अगदी खरे बोलते. बाकीच्या विणीबद्दल ती मुकी आहे.

मग त्या एकाच स्त्रीचा वंश एवढा का पसरला? तिच्यात काही विशेष गुण असावा, असे मानायची गरज नाही. लोकसंख्या स्थिर असेल, तर प्रत्येक स्त्रीमागे सरासरी एकच मुलगी मोठी होऊन आई होते. या सरासरीत, निव्वळ योगायोगाने, शंभरातल्या सुमारे ३७ स्त्रियांना अशी एकही मुलगी नसते. कोणाला मुलगेच होतात, कोणाची मुले जगत नाहीत. त्या स्त्रियांचा मातृवंश तिथेच थांबतो, त्यांची इतर जनुके मुलग्यांतून पुढे गेली तरी. शंभर पिढ्यांनंतर शंभरातले जेमतेम दोन मातृवंश उरतात. २,८०० पिढ्यांनंतर साधारण १,४०० मधला एक. त्या स्त्रीच्या शेजारपाजारी इतर कितीतरी स्त्रिया होत्या आणि त्यांचेही रक्त आपल्यात आहे. फक्त त्यांच्या मुलींच्या मुलींची साखळी कुठेतरी तुटली.

एल-३ स्वतः एका फार जुन्या वृक्षाची फांदी आहे. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या पूर्वजांचा वारसा असलेल्या १४७ व्यक्तींचा तंतुकणिकांचा डीएनए तपासला आणि दाखवून दिले की त्या सगळ्यांचे मूळ आफ्रिकेतल्या एका स्त्रीपर्यंत जाते. तिचा काळ आज दीड ते दोन लाख वर्षांपूर्वीचा मानतात. तिच्यापासून पुढे सात मोठ्या फांद्या फुटल्या. एल-० ते एल-६ अशी त्यांची नावे. त्यांतली एल-० दक्षिण आफ्रिकेतल्या खोइसान समाजांत आजही ठळकपणे आढळते. सातांपैकी सहा फांद्या आफ्रिकेतच वाढल्या. एल-३ च्या मात्र दोन डहाळ्या खंडाबाहेर फोफावल्या. चार अक्षरे बदलून झाली ‘एम’, पाच अक्षरे बदलून झाली ‘एन’. या डहाळ्यांची माणसे आफ्रिकेबाहेर पडली ती बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी ओलांडून की सिनाईच्या वाटेने, यावर वाद आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, त्यामुळे आज सुमारे तीस किलोमीटर रुंद असलेली बाब-एल-मांदेब तेव्हा अरुंद होती. एल-३ चा उगम आशियात झाला असावा आणि तो वंश आफ्रिकेत परतला असावा, असेही मत २०१८ मध्ये मांडले गेले. तरी बहुसंख्य अभ्यासकांचा कौल पूर्व आफ्रिकेलाच आहे.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी माणसे ऑस्ट्रेलियात होती. सैबेरियात इर्तिश नदीकाठी २००८ मध्ये सापडलेले उस्त-इशिमचे मांडीचे हाड ४५ हजार वर्षांपूर्वीचे निघाले, आणि त्या माणसाचा मातृवंश होता एन मधून फुटलेला ‘आर’. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे पाचही मातृवंश एम आणि एन च्याच लेकी. पॅसिफिक महासागर होड्यांनी ओलांडत इसवी सनाच्या तेराव्या शतकात न्यूझीलंडला पोहोचलेल्या स्त्रियाही याच घराण्यातल्या. आपल्याकडे, भारतात, शंभरातल्या सुमारे साठ जणांचा मातृवंश एम चा आहे, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचा एन आणि आर चा.

जी शाखा आफ्रिकेत राहिली, तिचीही कथा तेवढीच मोठी आहे. चार-पाच हजार वर्षांपूर्वी नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमाभागातून बांटू भाषा बोलणारे शेतकरी निघाले. आज त्या भाषा पाचशेच्या वर आहेत आणि बोलणारे तीस कोटींहून अधिक. त्यांच्याबरोबर एल-३ ची ‘ई’ शाखा खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. मग आला तो काळ, ज्याचे आकडे लिहिताना हात थांबतो. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसांना गुलाम म्हणून अटलांटिकच्या जहाजांत कोंबले गेले. पलीकडे जिवंत उतरली सुमारे एक कोटी सात लाख. बाकीचे सुमारे अठरा लाख जीव वाटेत गेले. एकट्या ब्राझीलमध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे उतरवली गेली. २००० मध्ये तिथल्या गोऱ्या म्हणवणाऱ्या लोकांचे मातृवंश तपासले, तेव्हा शंभरातले २८ आफ्रिकन निघाले आणि ३३ मूळ अमेरिकन. त्यांचे पितृवंश मात्र जवळजवळ सगळे युरोपीय आहेत. वसाहतीत सत्ता कोणाची होती आणि ती कोणाच्या देहावर चालली, हे या तफावतीतून वाचता येते.

अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशजांना आपले मूळ गाव शोधायचे असते, आणि त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे. पण २००६ च्या एका अभ्यासात असे दिसले की त्यांच्या मातृवंशांपैकी दहा टक्क्यांहून कमी नमुने आफ्रिकेतल्या एखाद्याच वांशिक समूहाशी जुळतात. बाकीच्यांपैकी बरेच अनेक समूहांत सापडतात, कारण ती माणसे जहाजात चढण्याआधी हजारो वर्षे त्यांच्या आया आफ्रिकाभर फिरत होत्या. आपल्या किनाऱ्यावरही आफ्रिकेतून आलेल्यांच्या इतिहासाची खूण आहे. कर्नाटक आणि गुजरातेतल्या सिद्दी समाजाच्या डीएनए अभ्यासात बांटूभाषक आफ्रिकनांशी त्यांचे नाते सिद्ध झाले. इथल्या लोकांशी त्यांची सरमिसळ झाली ती सुमारे आठ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण दोनशे वर्षांपूर्वी. सिद्दी माणसाला आजही ‘तू कुठला?’ असे विचारणाऱ्यांनी एक गणित करावे. विचारणाऱ्याच्या आयांची रांगही त्याच खंडात पोहोचते. तिला वेळ लागला सत्तर हजार वर्षांचा, एवढाच फरक.

पुण्यातली बाई, पेरूतली बाई आणि न्यूझीलंडमधली माओरी बाई या तिघींचे मातृवंश साधारण सत्तर हजार वर्षांपूर्वी एकत्र येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एल-० आणि एल-३ च्या दोन शेजारणींचे मातृवंश जुळायला मात्र दीड लाख वर्षांहूनही मागे जावे लागू शकते. रक्ताच्या शुद्धतेवर अभिमान बांधणाऱ्या कोणत्याही विचाराला हे आकडे आधार देत नाहीत. मातृवंशाच्या हिशेबात मानवजातीची खरी विविधता आफ्रिकेत आहे, आणि आफ्रिकेबाहेरचे आपण जवळजवळ सगळे तिच्या सातांपैकी एका फांदीच्या दोन डहाळ्या आहोत.