जगदीशचंद्र बोस आणि रेडिओ : ऐकीव काय, खरं काय

विज्ञान दिनाच्या भाषणांत आमच्या कळमेश्वरातही एक वाक्य हमखास ऐकू येतं : रेडिओ शोधला जगदीशचंद्र बोसांनी, चोरला मार्कोनीने. बोसांबद्दलचा अभिमान रास्तच आहे. पण या वाक्याखाली त्यांचं खरं काम झाकलं जातं.

१८९५ च्या सुमारास कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बोसांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवली, बारूद पेटवली. त्याच काळात इंग्लंडमध्ये लॉज आणि रशियात पोपोव्ह असेच प्रयोग करत होते. दूरवर संदेश पोचवणारी यंत्रणा उभी केली ती मार्कोनीनेच. बोसांना तो व्यवसाय करायचा नव्हता. या न दिसणाऱ्या लहरी प्रकाशासारख्या वागतात का, हे त्यांना तपासायचं होतं. अन्याय झाला तो वेगळ्या ठिकाणी. १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश पकडताना मार्कोनीने वापरलेला, लहरी टिपणारा पाऱ्याचा डिटेक्टर ‘इटालियन नेव्ही कोहिरर’ म्हणून ओळखला गेला. लोखंड आणि पाऱ्याचा तसाच डिटेक्टर बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. त्याचं श्रेय त्यांना तेव्हा मिळालं नाही.

बोसांच्या लहरी म्हणजे आपल्या रेडिओच्याच लहरी, हाही गैरसमज. आकाशवाणी नागपूरची ५८५ किलोहर्ट्झची लहर पाचशे मीटरहून लांब. बोसांची सर्वांत आखूड लहर जेमतेम ५ मिलिमीटरची, म्हणजे ६० गिगाहर्ट्झ. इतक्या आखूड लहरींची उपकरणं तेव्हा विकत मिळत नव्हती. बोसांनी ती स्वतः घडवली : कर्ण्याच्या आकाराचे अँटेना, गंधकाचं भिंग, लहरींच्या कंपनाची दिशा फिरवायला पिळलेल्या तागाच्या जुड्या. रेल्वे वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानापानांमध्ये कथलाचा वर्ख घालून त्यांनी लहरींचं ध्रुवीकरण करून दाखवलं, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या लहरी वेगळ्या काढल्या. आज ५जी आणि मोटारींच्या रडारमध्ये मिलिमीटर लहरी वापरल्या जातात, तेव्हा या कामाचं मोल कळतं.

‘बोसांनी पेटंट घेतलंच नाही’ हे तर सरळ चूक. पेटंटमधून पैसा करणं त्यांना पटत नव्हतं, हे खरं. पण भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये अमेरिकेत अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ ला ७५५८४० क्रमांकाचं पेटंट मिळालं. ते होतं गॅलेना या शिशाच्या खनिजावर चालणाऱ्या डिटेक्टरचं. अर्धवाहकाच्या उपकरणावरच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत ते गणलं जातं. पुढे बॅटरीविना चालणारे क्रिस्टल रेडिओ घरोघरी गेले, त्यांतही गॅलेनाचाच खडा असे.

आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये बोसांच्या १८९४ ते १८९६ च्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांची ‘माइलस्टोन’ म्हणून नोंद केली.