अमोनिया प्रिंटची पुढची पिढी

आर्किटेक्टच्या कार्यालयात पूर्वी अमोनिया प्रिंट निघत. नाकाला झोंबणारा वास आणि कागदावर उमटलेला इमारतीचा नकाशा. त्या कागदावरचं डायझो रसायन जर्मनीत विस्बाडेनच्या काल्ले कंपनीत घडलं. तिथेच त्याचं एक भावंड छपाईच्या प्लेटसाठी तयार झालं, आणि पुढे ते सिलिकॉनच्या चकतीवर पोचलं. तेच फोटोरेझिस्ट.

चकतीवर, म्हणजे वेफरवर, या फोटोरेझिस्टचं द्रावण टाकून तो मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगर फिरवतात. मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ, एकसारखा थर बसतो. नक्षी असलेल्या मास्कमधून प्रकाश पडला की उजेड लागलेला भाग डेव्हलपरमध्ये विरघळतो. उरलेला भाग खालच्या पृष्ठाला कोरणाऱ्या रसायनांपासून जपतो. कोरीवकाम झालं की तोही काढून टाकतात. निळा प्रकाश या थराला चालत नाही, म्हणून त्या खोल्यांत पिवळे दिवे असतात.

या घराण्याचा मूळपुरुष फ्रान्सचा नीएप्स. उन्हाने डांबर घट्ट होतं आणि ऊन न लागलेला भाग लव्हेंडर तेलात धुऊन निघतो, हे त्याने 1820च्या दशकात वापरून दाखवलं. त्यानंतर कोडॅकच्या लुई मिन्स्क यांचं पॉलिव्हिनिल सिनॅमेट आलं. तेही छपाईसाठीच.

1980च्या दशकात चिपवरच्या रेषा बारीक करायला 248 नॅनोमीटरचा प्रकाश हवा होता, पण तो दुबळा पडे. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत इतो, विल्सन आणि फ्रेशे यांनी तोड काढली: प्रकाशाने थोडंसं आम्ल तयार व्हावं, मग उष्णतेत त्या आम्लाने एकामागून एक असंख्य बंध तोडावेत. चमचाभर विरजणाने पातेलंभर दुधाचं दही होतं, तसंच हे. मात्र हवेतल्या अमोनियासारख्या बाष्पाचा लवलेशही हे आम्ल निकामी करू लागला. ज्या अमोनियाने जुना नकाशा उमटे, तोच इथे वैरी ठरला. कारखान्यांना हवा कार्बनच्या फिल्टरमधून गाळावी लागली.

जुलै 2019मध्ये जपानने दक्षिण कोरियाला होणाऱ्या फोटोरेझिस्टच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा बाटलीभर रसायनाची किंमत जगाला कळली. आज गुजरातमधल्या धोलेऱ्यात चिपचा कारखाना उभा राहतो आहे. यंत्रं विकत मिळतील, पण फोटोरेझिस्टला लागणारी शुद्धता वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेच हाती येते. ती मेहनत आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी आत्ताच सुरू करायला हवी.