मोटारीच्या इंजिनाची अस्थिर चाल : तिचीं कारणें व परीक्षा

बाजार, बँक व दवाखाना यांसाठीं मोटारगाडी आतां पुष्कळ शेतकऱ्यांस बैलजोडीइतकीच गरजेची झाली आहे. परंतु बैलाचें दुखणें चालीवरून ओळखणारा शेतकरी, उभ्या गाडीचें इंजिन थरथरूं लागलें म्हणजे मिस्त्री सांगेल तो भाग बदलून मोकळा होतो. आणि पैसा जाऊनहि थरथर राहते ती राहतेच. म्हणून पेट्रोलच्या गाडींतील या दोषाची परीक्षा कशी करावी, हें आम्ही येथें सांगत आहों.

पॅडलवर पाय नसतां गरम इंजिन साधारणतः मिनिटास ७०० ते ९०० फेरे घेतें. या चालीस मिस्त्री आयडलिंग म्हणतात. या वेळीं हवेचा मार्ग जवळजवळ मिटलेला असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. फुटक्या नळींतून थोडी जास्त हवा आंत शिरली तरी हें प्रमाण बिघडतें व मिश्रण नीट पेटत नाहीं. गाडी वेगांत असतां हवेचा लोट मोठा असल्यानें तीच गळती जाणवत नाहीं. पाट भरून वाहत असतां खेकड्याच्या बिळाकडे कोणी पाहत नाहीं. पाणी कमी झालें कीं तेंच बीळ शेवटचा वाफा कोरडा ठेवितें, तसेंच हें आहे.

यावरून पहिली परीक्षा निघते. फेरे वाढवितांच थरथर नाहींशी झाली, तर प्रथम हवेच्या गळतीचा संशय घ्यावा. चढावर किंवा ओझ्याखालीं गाडी अधिकच झटके देऊं लागली, तर ठिणगी अथवा पेट्रोल पाहावें. फेऱ्यांचा कांटा स्थिर असून गाडीच तेवढी हादरत असेल, तर इंजिनाखालचीं रबरें झिजलीं असण्याचा संभव असतो.

हवेची गळती शोधतांना बॉनेट उघडून फुसफुस ऐकूं येते काय, हें पाहावें. मात्र उपरण्याचें टोक पंख्यापासून दूर ठेवावें. मग इंजिन बंद करून, तें निवल्यावर, प्रत्येक नळी वांकवून तपासावी. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या नळ्या व तारा उंदीर कुरतडतात, हें विसरूं नये. हवेच्या झडपेवर काजळी बसली असल्यास ती साफ करवून घ्यावी.

ठिणगीसाठीं प्लग काढून पाहावे. टोक फिकट तांबूस असेल तर प्लगाचें काम ठीक चाललें आहे; कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होत आहे; तेलकट ओल असेल तर इंजिन तेल जाळीत आहे. प्रत्येक प्लगावर निराळें कॉइल असल्यास, इंजिन बंद करून, संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरावर बसवावें. दोष त्याच्याबरोबर गेला तर कॉइलच वाईट. चालू इंजिनावर हें करूं नये. विजेचा जबर धक्का बसतो.

पेट्रोलाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०२५ सालीं देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. आपल्याच उसापासून व मक्यापासून होणारें हें इथेनॉल पाणी शोषून घेतें. पाणी फार झालें तर तें पाण्यासह वेगळें होऊन टांकीच्या तळाशीं बसतें. म्हणून पावसाळ्यांत अर्धी रिकामी टांकी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी करूं नये.

इतकें करूनहि एकच सिलिंडर चुकत राहिला, तर त्याचा दाब मोजवावा; जळलेला व्हॉल्व्ह त्यांत उघडा पडतो.

नव्या गाड्यांत यंत्र लावून दोषाचा आंकडा वाचतां येतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो, पी ०३०२ म्हणजे दुसरा. हा आंकडा दोषाची जागा सांगतो, कारण सांगत नाहीं. तेवढ्यावरून सुटे भाग विकत घेऊं नयेत. इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागल्यास मात्र गाडी थांबवावी. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील शुद्धियंत्रांत जळून तें महागडें यंत्र निकामी होतें.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा व वहींत टिपून ठेवावा. मिस्त्रीकडे जातांना ती वही बरोबर न्यावी. काय तपासून झालें आहे हें त्यास कळलें, म्हणजे अंदाजानें भाग बदलण्याचें कारण राहत नाहीं.