१०८ चा 'पायलट' व्हायचंय? जुनं चलान आडवं येतं की जुनी केस?

नशिराबाद म्हणजे जळगाव आणि भुसावळच्या मधलं, राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचं गाव. जुनी माणसं अजून त्याला सहा नंबरचा हायवेच म्हणतात. एका बाजूला सुरत, दुसऱ्या बाजूला नागपूर आणि मधे रावेर-यावलच्या केळीच्या गाड्या. अशा गावात पोरगा अठराचा झाला की स्टेअरिंग हातात येतंच. कुणी पिकअप चालवतो, कुणी छोटा हत्ती, कुणी लग्नसराईत क्रूझर. मग कधीतरी डोक्यात येतं, १०८ वर लागलो तर?

आणि लगेच दुसरा प्रश्न येतो. मागं दोन-तीन चलान पडलेत, एकदा अपघाताची केसही झाली होती. घेतील का?

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन. त्यातल्या २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिकच्या. आपल्याकडे या गाडीत मागं डॉक्टर असतो आणि पुढं बसणाऱ्याला ड्रायव्हर न म्हणता 'पायलट' म्हणतात. सेवा सरकारची असली तरी ती चालवायचं कंत्राट खासगी कंपनीकडे असतं, म्हणजे भरतीही कंपनीच करते. अटी भरतीगणिक बदलू शकतात. तुमचा इतिहास कुठं कुठं लिहिलेला असतो ते मात्र बदलत नाही.

इंग्लंडमध्ये हा मामला सोपा आहे. तिथं वेगात गाडी पळवली की लायसन्सवर पॉइंट चढतात, तीन वर्षांत १२ झाले की लायसन्स जातं. ॲम्ब्युलन्सवर माणूस घेताना त्याचे पॉइंट किती, हे आधी बघतात. आपल्याकडे असा एकच कागद नाही. माणसाचा ड्रायव्हिंगचा इतिहास तुकड्या-तुकड्यात पडलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याचं वजन वेगळं.

सगळ्यात हलका तुकडा म्हणजे ई-चलान, आणि पोरं घाबरतात नेमकी त्यालाच. कॅमेऱ्यानं फोटो काढून पाठवलेलं चलान गाडीच्या नंबरवर पडतं. गाडी चुलत्याच्या नावावर असेल तर मेसेज चुलत्याला जातो. हेल्मेट नव्हतं म्हणून पडलेल्या चलानावरून सहसा कुणाची नोकरी अडत नाही. थकलेलं असेल तर ते भरून टाकावं आणि पावती जपून ठेवावी.

लायसन्सचं तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम २१ बऱ्याच जणांच्या गावीही नसतो. कोणत्या वागण्यामुळं आरटीओ लायसन्स निलंबित करू शकतो, याची यादी त्यात आहे. दारू पिऊन चालवणं, वेग, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाईल, मालाचं ओव्हरलोडिंग हे सगळं त्यात येतंच. पण खान्देशातल्या पोरांनी दोनदा वाचावी अशी गोष्ट त्यात आहे: मालवाहू गाडीत माणसं बसवणं. केळी काढायला निघालेले मजूर, टेम्पोत भरलेलं वऱ्हाड, देवाला चाललेली जत्रा. यात गुन्हा आहे हे इकडे कुणाला वाटतच नाही. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की अशा गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. हे निलंबन चुलत्याच्या गाडीवर जात नाही. ते थेट तुमच्या नावावर, 'सारथी'च्या नोंदीत बसतं.

एवढं कडक कशाला, असं वाटेल. पण सायरन चालू असताना सिग्नल ओलांडायची आणि वेगमर्यादा मोडायची मोकळीक कायदा ॲम्ब्युलन्सला देतो, तीही इतरांचा जीव सांभाळून. रिकामा टेम्पो घेऊन जो सिग्नल तोडतो, त्याच्या हाती ही मोकळीक द्यायची का, हा भरती करणाऱ्याचा प्रश्न रास्तच आहे.

सगळ्यात जड तुकडा पोलिसांकडे असतो. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी मागितली की पोलीस ठाण्यातली नोंद बघितली जाते. अपघातात कुणाचा मृत्यू झाला असेल तर आधी भादंवि ३०४-अ लागायचं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, पाच वर्षांपर्यंत. अशी केस चालू असताना ॲम्ब्युलन्स हातात मिळणं अवघडच.

पण खरा घोळ होतो तो छोट्या केसमध्ये. बेदरकार गाडी चालवल्याचं कलम २८१ (जुनं २७९), शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन-चार तारखा झाल्या की कुणीतरी सल्ला देतं, "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." पोरगा कबूल करतो आणि खूश होऊन घरी येतो. आपण चलानासारखाच दंड भरला असं त्याला वाटतं. कागदावर मात्र कोर्टानं त्याला दोषी ठरवलेलं असतं. त्यामुळं ॲम्ब्युलन्स, एसटी, पोलीस अशी कुठलीही नोकरी डोक्यात असेल तर कबुली देण्याआधी वकिलाला हे स्पष्ट विचारावं. उलट निर्दोष सुटला असाल तर निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

मग लपवलं तर? सरकारी भरतीबाबत सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या अवतार सिंग निकालात याचं उत्तर दिलंय. फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरीच द्यायची. किरकोळ केस लपवली असेल तर मालक माफ करू शकतो, पण लपवल्याच्या कारणावरून नोकरीही जाऊ शकते. खरं सांगितलेल्यालाही घ्यायलाच हवं असं बंधन नाही, मालक त्याचा इतिहास बघून ठरवू शकतो. खासगी कंपनीला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, पण हमीपत्र तिथंही लिहून घेतात.

आता लायसन्सचा प्रकार. ट्रान्सपोर्टचा शिक्का हवा की साधं एलएमव्ही चालतं? ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या ट्रान्सपोर्ट गाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं. नेहमीची ॲम्ब्युलन्स या वजनात आरामात बसते. पण जाहिरातीत ट्रान्सपोर्ट लायसन्स मागितलं असेल तर निकालाचा कागद दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. एलएमव्हीला वर्ष झालेलं असेल आणि वय २० असेल तर शिक्का काढून घेणं सोपं.

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनं पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीनं मुदत संपल्यावरची तीस दिवसांची सवलत काढून टाकली. सुरतला कामाला गेलेल्या पोरांचं लायसन्स इकडे गुपचूप संपतं, आणि वर्ष उलटलं की परत टेस्ट द्यावी लागते. मधल्या काळात सुरतेत टेम्पो चालवला म्हणून तो अनुभव मुलाखतीत सांगायला गेलं, तर ती विनालायसन्स गाडी चालवल्याची कबुलीच होते.