उत्तर बरोबर, पण कशावरून?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून रोज सकाळी वर्तमानपत्रे काठीला लावण्याचे काम माझ्याकडे आहे. मराठी दैनिके हातातून सुटायच्या आत कोणीतरी ओढून नेतो. इंग्रजी दैनिक मात्र बिचारे तसेच पडून असते. त्याला एकच वाचक, तो म्हणजे आमचे इंग्रजीचे सर. सर ते दैनिक मागच्या पानाकडून उघडतात, काळ्या-पांढऱ्या चौकटीवर नजर रोखतात, पेन्सिलीचे टोक ओठाला लावतात आणि पाच-दहा मिनिटांनी एकटेच हसतात. ज्या भाषेने मला अकरावीपासून रडवले त्या भाषेत हसण्यासारखे काय असावे, याचे मला फार कुतूहल वाटे.

एके दिवशी धीर करून विचारले. सरांनी एका ओळीवर बोट ठेवले. ओळ होती, ‘लिसन केअरलेसली व्हेन क्वाएट’, आणि पुढे कंसात ६ हा आकडा. मी मनातल्या मनात भाषांतर केले : शांत असताना निष्काळजीपणे ऐक. आता यातून सहा अक्षरी शब्द कुठून आणायचा? सर म्हणाले, “अर्थ वाचू नकोस, अक्षरे बघ. ‘लिसन’ची स्पेलिंग सांग.” मी सांगितली : एल, आय, एस, टी, ई, एन. “आता ही सहा अक्षरे निष्काळजीपणे टाकून दे.” मी वहीच्या कोपऱ्यात ती इकडेतिकडे फेकली आणि थोड्याच वेळात एस, आय, एल, ई, एन, टी अशी रांग लागली. सायलेंट! म्हणजेच ‘क्वाएट’, म्हणजेच शांत. दोन्ही शब्द मला पाचवीपासून येत होते. एकाच्या पोटात दुसरा आहे, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

या प्रकाराला कूट शब्दकोडे म्हणतात. आपल्याकडील बहुतेक शब्दकोड्यांत ‘चंद्र’ दिला की ‘शशी’ लिहायचा, एखाद्या नदीचे उगमस्थान विचारले की भूगोलाचे पुस्तक उघडायचे, असा सरळ व्यवहार असतो. शब्द माहीत असेल तर आला, नसेल तर गेला. कूट कोड्यात तसे नसते. तिथे प्रत्येक सूत्र एकच उत्तर दोन वाटांनी सांगते. एक वाट अर्थाची. ती सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी असते. दुसरी वाट अक्षरांची, म्हणजे उत्तर कोणत्या तुकड्यांतून आणि कसे जुळवायचे त्याची कृती. दोन्ही वाटा पायाला पाय लावून उभ्या असतात आणि सांधा असा बुजवलेला असतो की, वाचणाऱ्याला एक तिसरेच साधेसुधे वाक्य दिसावे. फसवणूक असते ती एवढीच. बाकी सूत्रातला शब्द न् शब्द खरा असतो.

इतिहास थोडक्यात सांगते. पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या पत्रात आर्थर विन यांनी छापले. ते साधे होते. त्याला कूट वळण लागले ते इंग्लंडात. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने अशी काही कोडी घातली की, वाचकांनी हाय खावी. हा टॉर्कमाडा म्हणजे स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्मन्यायालयाचा मुख्य. १९३९ मध्ये मॅथर्स गेल्यावर मॅकनट नावाच्या एका शिक्षकाने त्याच धर्मन्यायालयातला ‘झिमेनेस’ निवडला, आणि १९६६ मध्ये ग्रंथ लिहून या खेळाला शिस्त लावली. त्या शिस्तीचे सार एवढेच की, नेमका अर्थ द्यावा, अक्षरांची प्रामाणिक कृती द्यावी आणि त्याखेरीज फालतू शब्द घालू नये. १९७२ मध्ये तिसरे कोडेकार आले, त्यांनी ‘अझेड’ हे नाव घेतले. तिसऱ्या छळकर्त्याचे नाव डेझा. डी, ई, झेड, ए ही अक्षरे उलटी वाचली की अझेड होते. (हाच डेझा देवनागरीत उलटा केला तर ‘झाडे’ उगवतात! का, ते पुढे येईलच.) १९४२ च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काही स्पर्धकांना पुढे शत्रूच्या सांकेतिक लिपी उकलण्याच्या कामावर बोलावणे आले, हेही जाता जाता सांगून ठेवते.

हे सगळे इंग्रजांचे. पण अक्षरांशी खेळणे आपल्याला नवे आहे काय? व्यासांनी गणपतीला थांबवण्यासाठी मध्येच गाठी मारलेले श्लोक घातले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मोरोपंतांनी ओठांना ओठ लागणारा एकही वर्ण न वापरता ‘निरोष्ठ रामायण’ रचले. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नावसुद्धा घेता येत नाही, कारण ‘म’ ओष्ठ्य! तेव्हा मराठीत कूट सूत्रे होतील की नाही, हे करून पाहायचे मी ठरवले. गेल्या वर्षभराचा हाच उद्योग. वही भरली आहे. त्यातली चार-दोन सूत्रे फोडून दाखवते.

पहिला फरक चौकोनाचा. इंग्रजीत एका चौकोनात एक वर्ण बसतो. आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खे अक्षर बसते. म्हणून डेझाची झाडे झाली. याचा तोटा असा की, विस्कटण्याला वाव कमी. सहा वेगळे वर्ण ७२० तऱ्हांनी मांडता येतात, तीन अक्षरे फक्त ६ तऱ्हांनी. तरीही : ‘कापड फाटले, मोडकळीला आलेला (३)’. का, प, ड फाडून पुन्हा जोडा : पडका. उलटण्याचे प्रकार मात्र मराठीत फार गोड होतात. ‘तवा उलटा करून दिव्यात ठेव (२)’. ठेवलीत का वात?

शब्दाला शब्द जोडण्याचा प्रकार सर्वांत सोपा. ‘पुढे साप, मागे नदीचे थैमान : संत्र्यांचे शहर (४)’. नाग आणि पूर. एका शब्दाच्या पोटात दुसरा घालण्याचा प्रकार याहून मजेदार. ‘आज कुणी मध्येच ‘वा’ म्हणाले. तो कानी पडतो (३)’. वरवर पाहता गाण्याची बैठक दिसते. प्रत्यक्षात ‘आज’ या शब्दाच्या मध्ये ‘वा’ घालायचा आहे : आवाज.

समान उच्चारांची सूत्रे इंग्रजीत ढिगाने आहेत, कारण तिथे लिहिणे एक आणि बोलणे दुसरे. आपण बोलतो तसे लिहितो, म्हणून आपल्याकडे त्यांचा दुष्काळ. एकच फट सापडली, ऱ्हस्व-दीर्घाची. ‘मुलगा ऐकू येतो, चरख्यावर कातले जाते (२)’. सुत ऐकायचा, सूत लिहायचे. ज्या वेलांट्या-उकारांनी शाळेत माझे गुण कापले ते इथे उपयोगी पडले, याचे समाधान वाटते.

खरी अडचण आली ती व्याकरणाची. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही बसवा, त्याचा चेहरा सहसा बदलत नाही. आपला शब्द विभक्तीचा प्रत्यय लागला की अंगाखांद्याने बदलतो. ‘कडा’ उलटला की ‘डाक’ होते, हे सापडल्यावर मी हरखून लिहिले : ‘उलटलेल्या कड्यावरून आले टपाल (२)’. सरांनी लगेच खोडले. सूत्रात ‘कडा’ कुठे आहे? आहे ते ‘कड्यावरून’, आणि ते उलटले तर काहीच हाती लागत नाही. दोन दिवस हिरमुसले होते. मग लक्षात आले की ज्या अक्षरांवर कृती करायची ती प्रथमेतच ठेवली पाहिजेत. ‘कडा उलटला, टपाल आले (२)’. पूर्वीपेक्षा लहान आणि पूर्वीपेक्षा बरे.

पण याच विभक्तीने एक देणगीही दिली. मराठीत प्रथमेचे आणि प्रत्यय न लागलेल्या द्वितीयेचे रूप सारखेच दिसते. कर्ता कोण आणि कर्म कोण, हे केवळ अर्थावरून ठरते. आता हे सूत्र पाहा : ‘तिचा कर लपवतो एक नोकर (३)’. वाचणाऱ्याला वाटते, कोणी लबाड कारकून मालकिणीचा कर दडवून ठेवतो आहे. उलट बाजूने वाचा. लपवणारा नोकर नव्हेच. ‘तिचा कर’ हेच शब्द नोकराला लपवत आहेत. ति-चा-क-र : चाकर. वाक्य तेच, क्रियापद तेच, चोर मात्र बदलला. हे सूत्र जमले त्या दिवशी मी वर्तमानपत्रे उलटी लावली होती, असे ग्रंथपाल म्हणतात.

आता जो मुद्दा मला मुख्यतः सांगायचा आहे त्याकडे येते. सर कोडे सोडवताना काही उत्तरांपुढे बारीक टिंब देतात. आडव्या-उभ्या शब्दांची अक्षरे जुळत गेली की उत्तर कधीकधी आपोआप दिसते. पण ते का, हे कळलेले नसते. टिंब म्हणजे उत्तर आले, उकल राहिली. अशी एक ओळ त्यांनी मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवली होती : ‘ॲनिमल इन कार्गो ॲट पोर्ट (४)’. दोन अक्षरे भरलेली होती. मी लगेच म्हटले, गोट. शेळी आमच्या दारातच असते, तिचे इंग्रजी नाव मी विसरणार नाही. सर म्हणाले, “बरोबर. पण कशावरून?”

मी चपापले, ते प्रश्नाला नव्हे, त्या शब्दाला. हा माझ्या आजीचा शब्द. आमच्याकडे खळ्यात कांदे निवडताना आजी आम्हां मुलांना कोडी घाली. लुगड्यावर लुगडे नेसलेली आणि सोडायला जाणाऱ्याला रडवणारी बाई कोण, हे तर समोर ढीगच पडलेला असल्याने कोणीही ओळखावे. पण नुसते “कांदा” म्हणून सुटका नसे. आजी विचारी, “कशावरून?” मग लुगडी म्हणजे पापुद्रे, रडणे म्हणजे डोळ्यांची चुरचुर, असे एकेक पद फेडावे लागे. एक जरी पद शिल्लक राहिले तरी आजी पुढचे कोडे घालत नसे. आजीला अक्षरओळख नव्हती.

मी पुन्हा ओळीकडे पाहिले. कार्गो ॲट : सी, ए, आर, जी, ओ, ए, टी. शेवटची चार अक्षरे, दोन शब्दांच्या सांध्यावर बसलेली शेळी. सरांनी टिंब खोडले. वर्गात इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर खाली मान घालून बसते. चूक होईल या भीतीने मी वर्षभरात एकदाही तोंड उघडले नव्हते. त्या सकाळी, काठ्या हातात घेऊन, मी सरांना इंग्रजी ओळ समजावून सांगितली.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा अण्णांना हा खेळ सांगितला. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरांच्या उलथापालथीपेक्षा त्यांना श्लेष रुचेल असे वाटून मी म्हटले, “कांद्याला मिळत नाही, भक्ताच्या मनात असतो. दोन अक्षरे.” निवडलेला कांदा पाटीत टाकण्याच्या आतच ते म्हणाले, “भाव.” आणि मी विचारण्याआधीच, “कशावरून ते मला नको विचारू. मार्केटात जाऊन ये.”

मग तव्याचे आणि वातीचे सूत्र सांगितले. ते ऐकून अण्णा काहीच बोलले नाहीत. मला वाटले, कंटाळले. दुसऱ्या दिवशी एस.टी.च्या थांब्यावर माझी पिशवी खाली ठेवून ते म्हणाले, “हे बघ बरं जमतंय का. नदी उलटली, गरीब झाला. दोन अक्षरं.”

ज्या वर्षी पुराचे पाणी आमच्या कांदाचाळीत शिरले होते त्या वर्षी मी नववीत होते. गाडी येईपर्यंत मी ते सूत्र बोटांवर दोनदा उलटून पाहिले. त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. उत्तर इथे छापत नाही. ज्यांना सापडेल त्यांनी सकाळी साडेसातला वाचनकक्षात यावे आणि कशावरून तेही सांगावे.